कोरं गाव

शंभर दाणे मोजायला काटेकोरांना चार मिनिटं लागत. त्या दुपारी त्यांनी तेच शंभर दाणे तिसऱ्यांदा मोजले. उत्तर तिसऱ्यांदाही तेच आलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दाण्यांकडे अशा नजरेनं पाहिलं की एखाद्या दाण्यानं घाबरून स्वतःहून कबुली दिली असती.

काटेकोर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसात पडलेलं नाव, आणि ते त्यांना मनातून आवडायचं. शेतकऱ्यांना काहीतरी नवं शिकवण्यासाठी गावोगाव वर्ग निघतात. दोन-तीन वर्षं गेली की वर बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारतं, ‘याचा काही उपयोग झाला का?’ त्या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात आणून देणं हा काटेकोरांचा धंदा. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता : ‘आधी ठरवा, मग मोजा. मोजल्यावर सुचलेलं कारण हे कारण नव्हे.’ या वाक्याच्या जोरावर त्यांनी आजवर दोन कार्यक्रम बंद केले होते. त्यातल्या एका वर्गाचे शिक्षक “साहेब, त्या वर्षी टोळधाड आली होती हो,” असं म्हणत जिन्यापर्यंत मागे आले होते. काटेकोर थांबले नव्हते. मोजून झाल्यावर आलेल्या टोळांना ते विचारत नसत.

या वेळचा वर्ग मका साठवण्याचा होता. एक-दोन एकरांची शेतं, घरापुरता मका, आणि तो पुढच्या पिकापर्यंत पुरवायचा. पण निम्मं वर्ष सरेपर्यंत दाण्यांना भोकं पडायची आणि उरलेला मका किडे माणसांच्या आधी जेवून मोकळे व्हायचे. त्यावर मास्तरीणबाईंचा वर्ग. मका किती वाळवायचा, पिंप तोंडापर्यंत कसं भरायचं, झाकण कसं घट्ट लावायचं, आणि सगळ्यात महत्त्वाची ती बाटली. काचेच्या कोरड्या बाटलीत थोडा मका आणि दोन चमचे कोरडं मीठ घालायचं, खळखळ हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला. नाही चिकटलं तर भरा पिंप. एवढं सोपं की शिकवायला वर्ग कशाला हवा असं वाटावं, आणि शिकवेपर्यंत कुणालाच माहीत नसावं.

उपयोग झाला की नाही हे कळायला काटेकोरांनी तीन वर्षांपूर्वी दोन गावं निवडली होती. एकात वर्ग, दुसऱ्यात नाही. फाईलमध्ये दुसऱ्याचं नाव ‘तुलनेचं गाव’ असं होतं, पण काटेकोर त्याला कोरं गाव म्हणत. दोन्ही गावांच्या मध्ये टेकडी. एसटी चाळीस किलोमीटरचा वळसा घालून जायची. बाजार वेगळा, गिरणी वेगळी, शाळा वेगळी. नकाशावर बोट ठेवून त्यांनी स्वतःच ते गाव शोधलं होतं आणि इतकं वेगळं पडलेलं गाव सापडल्याचा त्यांना तेव्हा फार आनंद झाला होता.

सुरुवातीला शिकणाऱ्या गावात शंभरातले एकतीस दाणे किडके होते आणि कोऱ्या गावात तीस. प्रत्येक गावातली तीस-तीस घरं, प्रत्येक घरातले शंभर दाणे. तीन वर्षांनी शिकलेल्या गावात सात निघाले. वा! काटेकोरांना बरं वाटलं होतं. मग त्यांनी कोऱ्या गावाहून आलेल्या दाण्यांच्या पुड्या उघडल्या.

कोऱ्या गावात सहा.

“काय निघालं साहेब?” मास्तरीणबाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवत विचारलं. वर्गाच्या शेजारच्या कोठीत काटेकोर मोजायला बसत.

“अजून मोजतोय.”

“तिसऱ्यांदा?”

“नियम आहे तसा.”

नियम तसा काही नव्हता. नियम होता तो वेगळाच, आणि तो मास्तरीणबाईंनाही ठाऊक होता. दोन गावांत निदान पाच दाण्यांचा फरक पडला नाही, तर वर्ग बंद. शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर बैठक होती. नऊ वर्षं बाई हा वर्ग गावोगाव चालवत होत्या. कोठीच्या खुंटीला त्यांची कापडी पिशवी होती आणि तिच्यात चाळीस गावांची पत्रं होती : आमच्याकडे कधी येता? पास झालं तर त्या चाळीस गावांत वर्ग निघणार होते. नापास झालं तर पिशवी खुंटीवरच राहणार होती आणि बाई घरी. त्यांनी याबद्दल काटेकोरांना एका शब्दानं विचारलं नव्हतं. चहा मात्र दर तासाला येत होता.

काटेकोर चक्रावून गेले ते असे. कोऱ्या गावात किडे कमी झाले, ते आपोआप झाले म्हणायचे. मग शिकलेल्या गावातही आपोआपच झाले असणार. मग बाईंनी तीन वर्षं शिकवलं काय आणि गाणी म्हटली काय, सारखंच. हवा कोरडी असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी हवामानाच्या नोंदी मागवल्या. हवा उलट दमट होती. या वर्षी किड्यांची चंगळ व्हायला हवी होती. बियाणं बदललं असेल? तेच होतं. पिंपं नवी? जुनीच. जिकडून विचार सुरू करावा तिकडून तो त्याच जागी परत यायचा, शेंडा ना बुडखा.

शेवटी बुधवारी सकाळी ते चाळीस किलोमीटरचा वळसा घालून कोऱ्या गावात गेले.

पहिल्या घरी म्हातारबुवा अंगणात बसले होते. फॉर्मवर लिहिलेलंच होतं, ‘माहिती कुटुंबप्रमुखाकडून घ्यावी.’ काटेकोरांनी फॉर्म काढला.

“या घरातलं कुणी मका साठवायच्या वर्गाला गेलं होतं का?”

“नाही हो. आम्हाला कोण बोलावतंय?”

“मग तुमच्या मक्यातले किडे कमी कसे झाले?”

“कमी झाले?” म्हातारबुवांना आनंद झाला. “अरे वा! कशामुळे?”

“ते मी तुम्हाला विचारतोय.”

“मला काय विचारता? शिकलेले तुम्ही.”

काटेकोर उठले आणि तेवढ्यात त्यांची नजर दाराशेजारच्या फळीवर गेली. तिथे एक काचेची बाटली होती. आत मका आणि मीठ.

“हे काय?”

“खोकल्याचं औषध असेल,” म्हातारबुवा म्हणाले. “सून ठेवते. मी अजून घेतलं नाही.”

दुसऱ्या घरी तशीच बाटली खिडकीत होती. “ही? ही तिथेच असते,” असं उत्तर मिळालं आणि त्या घरमालकाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की यापेक्षा जास्त खुलासा कुणाला लागेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिसऱ्या घरी तर दीड वर्षाची मुलगी बाटली दोन्ही हातांनी धरून हलवत होती आणि खिदळत होती. “खुळखुळा आहे तिचा,” आजोबांनी सांगितलं. काटेकोरांनी महत्प्रयासानं तो खुळखुळा दोन मिनिटांसाठी मागून घेतला आणि उजेडात धरला. मीठ सुटं होतं. काच स्वच्छ होती.

दुपारपर्यंत तीस घरांत चोवीस बाटल्या झाल्या. ज्या गावात बाटलीचं नावसुद्धा कुणाला माहीत नसायला हवं, त्या गावात चोवीस. आणि प्रत्येक कुटुंबप्रमुख शपथेवर सांगत होता की या घरातलं कुणीही, कधीही, कुठल्याही वर्गाला गेलेलं नाही.

परतीच्या एसटीत काटेकोरांच्या मनात एकच गोष्ट बसली आणि बसली ती उठेना. मास्तरीणबाई चोरून तिकडे शिकवून आल्या होत्या. दया आली असेल. पण मोजणी नासली. आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला तो वेगळाच. त्यांना बाईंचा राग आला आणि रागाबरोबर वाईटही वाटलं, कारण त्यांना बाई आवडत असत.

बाई अंगणात वाळत घातलेला मका पायानं पसरत होत्या.

“बाई, तुम्ही तिकडे शिकवलंत.”

“कुठे?”

“टेकडीपलीकडे. चोवीस बाटल्या बघून आलो मी आज.”

बाईंचा पाय मक्यातच थांबला. आधी त्यांना खरंच काही कळलं नाही आणि मग कळलं, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“साहेब, तीन वर्षांत मी ती टेकडी चढलेली नाही. तुम्ही कागदावर सही घेतली होती माझी. त्या गावच्या माणसाला शिकवायचं नाही, सांगायचं नाही, दाखवायचं नाही.”

“मग बाटल्यांना काय पाय फुटले?”

“ते मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की पहिल्याच वर्षी तिकडून एक बाई आली होती. टेकडी चढून, उतरून, तुटलेली चप्पल हातात घेऊन. दारात उभी राहिली. म्हणाली, मला शिकवा. मी यादी बघितली. म्हटलं, तुमचं गाव यादीत नाही. ती म्हणाली, नसू दे, मी मागे खाली बसते. मी म्हटलं, बसूही नका. ती म्हणाली, मग दारातून ऐकते. मी दार लावून घेतलं, साहेब.” बाईंचा आवाज चिरकला. “नऊ वर्षांत मी दारातून कुत्रं हाकललं नाही. ती एक बाई तेवढी तुमच्यासाठी हाकलली. आणि आज तुम्ही मला हे विचारता?”

खोटं बोलणारं माणूस काटेकोरांना दुरून ओळखू येई आणि समोरची बाई खोटं बोलत नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटल्यानं बाटल्यांचं कोडं सुटेना, उलट ते जास्तच घट्ट झालं. बाई गेल्या नाहीत, तिकडचं कुणी वर्गात बसलं नाही, आणि बाटल्या मात्र घरोघर.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन लावला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि कामाच्या गोष्टी ते बायकोला सांगत नसत. पण त्या दिवशी डोकं इतकं पिंजून निघालं होतं की त्यांनी सगळं सांगितलं. सात, सहा, म्हातारबुवा, खोकल्याचं औषध, खुळखुळा.

“सुनांना विचारलंत का?” बायको म्हणाली.

“फॉर्मवर कुटुंबप्रमुख आहे.”

“बरं. उद्या आपल्याकडे कुणी फॉर्म घेऊन आलं आणि विचारलं, तुमच्या घरात तूरडाळ कशी टिकवतात, तर काय सांगाल?”

काटेकोर विचारात पडले. “डब्यात ठेवतात.”

“कुठल्या डब्यात?”

काटेकोरांना डबा आठवेना.

“डाळीला मी काय चोळते?”

“काही चोळतेस?”

पलीकडून बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. “एरंडेल चोळते. चोवीस वर्षं. माझ्या आईची पद्धत. आणि तुम्ही पाहुण्यांना सांगता, आमच्या घरच्या डाळीला कधी कीड लागत नाही. ठेवा फोन, कुटुंबप्रमुख!”

गुरुवारी पहिल्या एसटीनं ते पुन्हा कोऱ्या गावात. म्हातारबुवा तिथेच, तसेच.

“सूनबाईंना बोलवा जरा.”

“का? तिनं काय केलं?”

सूनबाई ओले हात पुसत बाहेर आली. काटेकोरांनी फळीवरच्या बाटलीकडे बोट केलं. “हे कुठे शिकलात?”

“वर्गात.”

“कुठल्या?”

“मास्तरीणबाईंच्या. माझं माहेर टेकडीपलीकडचं.”

काटेकोरांनी पिशवीतून वर्गाच्या हजेरीची प्रत काढली. “यात सगळी पुरुषांची नावं आहेत.”

“हां, तिथे बाबांचं नाव असेल. हजेरीत घराच्या मोठ्या माणसाचं नाव घालायचं होतं ना? पण बाबा शेतात, आई शेतात, भाऊ शेतात. मी तेवढी हाताशी मोकळी होते, म्हणून मला पाठवायचे. सगळ्या घरांतून तसंच. आम्ही पोरीच होतो वर्गात.”

काटेकोर म्हातारबुवांकडे वळले. त्यांचा आवाज जरा चढला. “मी तुम्हाला काल विचारलं नव्हतं, या घरातलं कुणी वर्गाला गेलं होतं का म्हणून?”

“विचारलं होतंत की. पण ती गेली तेव्हा या घरातली कुठे होती?” म्हातारबुवा म्हणाले. फॉर्म काटेकोरांनीच बनवला होता.

त्या दिवशी त्यांनी कुटुंबप्रमुखांना हात जोडले आणि सुनांना विचारलं. तीस घरांत टेकडीपलीकडच्या अकरा सुना निघाल्या. बाकीच्या घरांनी या अकराजणींचं बघून उचललं होतं. मका वाळवायचं खळं एकच, पाण्याची जागा एकच, मग लपून काय राहतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही चाळीस किलोमीटरचा. पण एक गाठ सुटली तशी दुसरी बसली. त्यांनी प्रत्येक घरात विचारलं होतं, त्याआधी त्या गावची सून कुणी केली होती का? कुणीच नाही. तीन वर्षांपूर्वीपर्यंत एकही नाही. मग तीनच वर्षांत अकरा कशा आल्या? त्याच तीन वर्षांत, ज्या तीन वर्षांत ते दोन्ही गावांवर वेगळं राहण्याची सक्ती करत होते?

“तोफकाकूंना विचारा,” शेवटच्या घरची सून म्हणाली. “सुरुवात त्यांनीच केली.”

तोफकाकूंचं घर म्हणजे खुळखुळ्याचं घर. काल भेटलेले आजोबा काकूंचे यजमान, कुटुंबप्रमुख फक्त फॉर्मपुरते. काकूंनी काटेकोरांना बघितलं, पाट सरकवला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सुरुवात केली.

“या, बसा. वर्गाची यादी करणारे साहेब तुम्हीच ना? तुमचे उपकारच आहेत आमच्यावर.”

“माझे?”

“मग कुणाचे? मी गेले होते ना शिकायला. चप्पल तुटली चढावर. तुमच्या बाईंनी दार लावलं तोंडावर. परत येताना टेकडीच्या माथ्यावर बसले आणि रडले चांगली. वाईट वाटलं हो. माझ्या घरचा मका किडतो आणि शिकायचं म्हटलं तर माझं गाव यादीत नाही. कुणी केली यादी? का केली? आम्ही काय घोडं मारलं होतं कुणाचं?”

काटेकोरांनी मान खाली घातली. का केली हे सांगता आलं असतं. तुलना, नमुना, फरक. तोफकाकूंसमोर त्यातला एकही शब्द तोंडातून बाहेर येईना.

“रडून झालं, मग डोकं चालायला लागलं. दार लावायच्या आधी मी आत डोकावून बघितलं होतं. सगळ्या पोरी. वीस-बावीस वर्षांच्या, हुशार, बाटल्या हलवत बसलेल्या. आणि माझा मुलगा सत्तावीसचा, लग्नाचं नाव काढलं की उठून जायचा. मी म्हटलं, मला वर्गात घेत नाहीत ना? मग मी वर्गच घरात आणते.”

आतून सुनेच्या हसण्याचा आवाज आला.

“पुढच्याच आठवड्यात मुलगी बघायला गेले. त्याच वाटेनं, नवी चप्पल घालून. त्या वेळी यादी नाही कुणी विचारली.”

“आधी त्या गावाशी सोयरीक का नव्हती?”

“टेकडी कोण चढणार? आणि आमच्याकडे सगळे म्हणायचे, त्या गावच्या पोरी तोंडाळ असतात. असतात हो, खरंच असतात. पण माझ्या पिंपातला मका पुढच्या पिकापर्यंत टिकला आणि शेजारणीनं तो डोळ्यांनी बघितला. मग काय विचारता! पुढच्या लग्नसराईत ज्याच्या घरी लग्नाचा मुलगा, तो टेकडीवर. मुलीचा रंग नाही विचारत कुणी, उंची नाही विचारत. विचारतात, बाटली येते का?”

काटेकोरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी एक दार लावलं होतं आणि अख्खं गाव लग्न करून आत शिरलं होतं. दार लावलं नसतं, तर तोफकाकू एकट्या शिकून गेल्या असत्या. कदाचित शेजारणीला सांगितलं असतं, कदाचित नसतं. आता अकरा घरं. मग त्यांची मोजणी खरी की खोटी? कोरं गाव कोरं राहावं म्हणून जे केलं, त्यानंच ते लिहून भरलं. हे कुठल्या रकान्यात बसतं?

सून चहा घेऊन बाहेर आली. कप देताना हळूच म्हणाली, “साहेब, वर्ग बंद होणार आहे का हो? आई फोनवर म्हणत होती. माझी धाकटी बहीण यायचीय अजून वर्गात.”

“कुणास ठाऊक,” काटेकोर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे उत्तर दिलं असेल.

शुक्रवारची बैठक. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर नकाशा. मोठ्या साहेबांनी फाईल उघडली.

“बोला काटेकोर. आकडा.”

“शिकलेलं गाव सात. कोरं गाव सहा.”

“म्हणजे फरक काहीच नाही. उलटाच आहे. बंद करू या मग.”

“नाही साहेब. माझी मोजणी चुकली.”

त्यांनी सगळं सांगितलं. बाटल्या, हजेरीतली बापांची नावं, अकरा सुना, तोफकाकू. दोघंतिघं हसले. मोठे साहेब हसले नाहीत.

“तुमच्या भिंतीवर एक कागद आहे,” ते म्हणाले. “मोजल्यावर सुचलेलं कारण—”

“हे कारण नव्हे. हो. म्हणून मी वर्ग पास झाला असं म्हणत नाही. ते मला माहीत नाही. मी ज्याला कोरं म्हटलं ते गाव कोरं नव्हतं आणि ते मी तीन वर्षांत एकदाही बघितलं नाही. मी नापास झालो, एवढंच लिहा.”

काटेकोरांचे कान तापले होते. त्यांना उगाचच ते जिन्यापर्यंत मागे आलेले शिक्षक आठवले. टोळ खरंच आले होते का? त्यांनी विचारलंच नव्हतं. कदाचित आले असतील. कदाचित तो वर्गही चांगला असेल. आता ते कधीच कळणार नव्हतं.

मोठे साहेब दयाळू होते आणि साहेबही होते. त्यांनी दोन्ही नात्यांनी निकाल दिला. वर्ग चालू राहील, अजून तीन वर्षं. मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि त्या चाळीस गावांनी तोवर थांबायचं. नवं कोरं गाव काटेकोरांनीच निवडायचं. “आणि या वेळी,” ते म्हणाले, “जिथे यांच्या मुली दिलेल्या नाहीत असं बघा. यादी कडक ठेवा.”

काटेकोर नकाशापुढे उभे राहिले. बोट ठेवायचं तर होतं. नदीपलीकडे, पूल नाही, फक्त होडी, असं एक गाव होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि ते बोट नंतर दिवसभर त्यांना आपलं वाटलं नाही.

मास्तरीणबाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. बाईंनी पदरानं डोळे टिपले, वर्ग वाचला म्हणून देवाचे आभार मानले आणि मग नवा कागद वाचला. त्या गावच्या माणसाला शिकवायचं नाही, सांगायचं नाही, दाखवायचं नाही.

“सही करते मी,” त्या म्हणाल्या. “पण एक अट आहे. पहिले आठ दिवस तुम्ही दारात बसायचं. या वेळी जी कुणी येईल, तिला तुम्ही परत पाठवायचं. मला ते पुन्हा जमणार नाही.”

“कुणी येणार नाही हो. मध्ये नदी आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या आणि सही केली.

वर्ग सुरू झाला त्या सकाळी काटेकोर दारात स्टुलावर बसले. मांडीवर यादी, खिशात पेन. आत वीस-बावीस पोरी बसल्या होत्या. हजेरीत या वेळी त्यांची स्वतःची नावं होती, तेवढी सुधारणा काटेकोरांनी केली होती. तोफकाकूंच्या सुनेची धाकटी बहीण पुढच्या रांगेत होती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. कुणी आलं नाही. काटेकोरांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याचं वाईटही वाटलं, हे त्यांचं त्यांनाच उमजेना.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एक बाई आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला. ती काटेकोरांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यावरून आत बघू लागली.

“इथे मका टिकवायला शिकवतात ना?”

“गाव कुठलं तुमचं?”

तिनं नाव सांगितलं. यादी बघायची गरज नव्हती, तरी काटेकोरांनी बघितली. वरपासून खालपर्यंत आणि पुन्हा खालून वर.

“तुमचं गाव यादीत नाही, बाई.”

“पहाटेच्या होडीनं निघालेय,” ती म्हणाली. “मी मागे खाली बसते. कुणाला त्रास नाही देणार.”

आतला आवाज थांबला होता. बाटल्या हलायच्या थांबल्या होत्या. मास्तरीणबाई फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या, मागे वळून बघत नव्हत्या. काटेकोरांनी सही केलेल्या कागदाची घडी खिशात घातली. नियम हा नियम होता. शिकवायचं नाही, सांगायचं नाही, दाखवायचं नाही. ते स्टुलावरून उठले, बसायला तिला तेच स्टूल दिलं आणि घसा साफ केला.

“बाई,” ते म्हणाले, “घरात लग्नाचा मुलगा आहे का?”